चार नंबरची ओढ

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बोल्दुकांच्या गुऱ्हाळात सगळं सुरळीत चाललं होतं, एक तो बोर्ड सोडून. मेपलचा रस नळ्यांमधून धो धो येत होता, काहिलीखाली लाकडं धडधडत होती, छपराच्या झडपांतून वाफेचे लोट बाहेर पडत होते. कोपऱ्यातल्या फळीवरच्या छोट्या पडद्यावर मात्र तीन दिवस झाले तरी जिनेट बोल्दुकला एक ओळ धड वाचता येत नव्हती.

यायला हवं होतं ते अगदी साधं होतं. डोंगरउतारावर अडीच हजार झाडं, त्यांच्या रसाच्या नळ्या पाच मोठ्या लाइनींना जोडलेल्या, आणि पंप त्या लाइनींमधून हवा ओढून रस खाली आणणार. ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात, ती चोवीस-पंचवीस इंच राहिली की सगळं ठीक. कुठे खारीनं नळी कुरतडली, कुठे फांदी पडली, की ओढ उतरते आणि मग वर जाऊन भोक शोधावं लागतं. जिनेटनं प्रत्येक लाइनीच्या वरच्या टोकाला एक दाबमापक आणि एक छोटा रेडिओ बसवला होता. ते पाच रेडिओ दर मिनिटाला आपला नंबर आणि ओढ कळवायचे. गुऱ्हाळातला सहावा रेडिओ ते ऐकायचा आणि तीन तारांवरून शेजारच्या बोर्डाला सांगायचा. बोर्ड म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. 'चार, चोवीस' असं काहीतरी दिसायला हवं, तिथे तिला दिसत होती उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, डोक्यावर टिंबं असलेली अक्षरं, मध्येच एखादा सुटा आकडा.

हा सगळा खटाटोप तिनं केला तो सासऱ्यांसाठी. ओमेर बोल्दुक शहात्तर वर्षांचे. घरात सगळे त्यांना पेपे म्हणत. साठ वर्षं ते पायांत बर्फावर चालायची पादत्राणं बांधून लाइनींवरून फिरत आले होते आणि गळती कानानं ओळखत. मागच्या वर्षी ते वर पडले, कंबर दुखावली, आणि चार दिवस त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून जिनेटच्या मनानं घेतलं होतं, की यांचं वर जाणं थांबवायचं. टेलिफोन कंपनीत तिनं एकोणीस वर्षं तारा जोडल्या होत्या, नोकरी गेली तरी हातातलं कसब गेलं नव्हतं. जानेवारीभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं हे सगळं मांडलं, तेव्हा बोर्ड पोपटासारखा बोलत होता. गुऱ्हाळात आणला आणि त्याची वाचाच बसली.

"मग, काय म्हणतंय तुझं कार्टं आज?" रोज सकाळी पेपे विचारत.

"बरळतंय."

"ताप असेल."

पहिल्या दिवशी तिला वाटलं, तारा चुकल्या. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला जायला हवी. तिनं तपासलं, बरोबर होतं. तरी उलट करून पाहिलं, तर पडदा कोराच राहिला, म्हणजे आधीचंच बरोबर होतं. अर्थिंगची तार बदलली. नवी, आखूड, जाड. काही फरक नाही. दोघांचा बोलण्याचा वेग सारखा लागतो, तो तिनं पुन्हा पाहिला, इकडे नऊ हजार सहाशे, तिकडे नऊ हजार सहाशे.

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना वेगळं केलं. रेडिओ आपल्या लॅपटॉपला जोडला, तर एकेक ओळ लख्ख. एक, पंचवीस. दोन, चोवीस. म्हणजे रेडिओ शहाणा. मग बोर्डाची बोलायची पिन त्याच्याच ऐकायच्या पिनेला जोडून दिली, म्हणजे तो स्वतःशीच बोलेल. तिनं जे टाइप केलं ते जसंच्या तसं परत आलं. तिनं मुद्दाम आपलं नाव टाइप केलं, सासऱ्यांचं नाव टाइप केलं, एक शिवीही टाइप केली. सगळं नीट परत आलं. म्हणजे बोर्डही शहाणा. पुन्हा दोघांना जोडलं, आणि पुन्हा चौकोन नि प्रश्नचिन्हं.

"वेगवेगळे असले की दोघं गुणाचे," पेपे रसात उकडलेलं अंडं सोलत म्हणाले, "एकत्र आले की कचाकचा. माझ्या भावाचं न् त्याच्या बायकोचं असंच होतं. काही इलाज नव्हता त्याला."

"पेपे, मला विचार करू द्या."

"कर की. मी कुठे तुझ्या डोक्यावर बसलोय?"

सगळ्यात विचित्र गोष्ट तिला तिसऱ्या दिवशी सकाळी सापडली. बोर्ड जे ऐकेल ते एका फाइलीत लिहून ठेवत असे. ती फाइल ती वाचायला बसली, तर रात्रभराच्या नोंदी स्वच्छ होत्या. रात्री सगळं गोठतं, पंप बंद असतो, म्हणून आकडे शून्य होते, पण शून्य तरी स्पष्ट शून्य होते. संध्याकाळी ती घरी गेल्यापासून सकाळी येईपर्यंत एकही ओळ बिघडलेली नव्हती. ती आली, आणि बरळणं सुरू झालं.

तिनं फाइल तीनदा वाचली. वेळा कागदावर लिहून काढल्या. मग तिला एकदम वाटलं, सापडलं! ती आली की पंप सुरू होतो. भट्टीचा पंखा सुरू होतो. एवढ्या मोटारी शेजारी घरघरल्यावर त्या तीन बारीक तारांनी बोलायचं कसं? टेलिफोनच्या लाइनीवर असला गोंगाट तिनं शंभरदा पाहिला होता. ती उठली आणि तिनं पंप बंद केला.

पेपे लाकडं घेऊन आत येत होते. ते जागीच थांबले.

"काय केलंस?"

"दहा मिनिटं फक्त."

"रस चढलाय पोरी! बाहेर ऊन बघ. असा दिवस हंगामात पाचदा येतो, न् तू पंप बंद करतेस? त्या खेळण्यासाठी?"

"ते खेळणं नाहीये. आणि दहा मिनिटं म्हटलं ना मी."

त्यांनी लाकडं खाली टाकली ती तिच्या पायांपाशी. जिनेटनं पंखाही बंद केला. गुऱ्हाळ इतकं शांत झालं की काहिलीतल्या रसाचं बुडबुडणं ऐकू यायला लागलं. तिनं पडद्याकडे पाहिलं. चौकोन, प्रश्नचिन्ह, एक सुटा सात, पुन्हा चौकोन. एकही मोटार चालू नव्हती, तरी तेच.

ती पंपाकडे गेली आणि तिनं बटण दाबलं. पेपे खाली टाकलेली लाकडं उचलून भट्टीत सारू लागले.

दुपारी दोघांनी वाटाण्याचं सूप घेतलं. पेपेंनी वाडगा पुसला, डोक्यावर लोकरी टोपी ओढली आणि दाराशी पादत्राणं बांधायला बसले.

"कुठे निघालात?"

"चार नंबरवर. सकाळी खालूनच मला फुसफुस ऐकू आली."

"बोर्ड सांगेल ना. थोडं थांबा."

"काय सांगेल? चौकोन?" ते हसले, पण त्या हसण्यात सकाळचा राग अजून होता. "तासाभरात आलोच. भट्टी सांभाळ."

ती थांबवायला उठणार होती. पण बोर्ड काही सांगत नसताना थांबवायचं कोणत्या तोंडानं? तिचा नवरा तेओ वादळात पडलेले विजेचे खांब उभे करायला शेजारच्या राज्यात गेला होता, भट्टी तिच्या एकटीवर होती. अर्ध्या मिनिटानं ती दारात गेली तेव्हा पेपे झाडांमध्ये दिसेनासे झाले होते.

सव्वा दोनला तिनं भिंतीवरच्या फोनवरून हॉलिस टटलला फोन लावला. हॉलिस पलीकडच्या खोऱ्यात राहायचा. आयुष्यभर त्यानं अग्निशमन दलाचे रेडिओ दुरुस्त केले होते, आणि हे सहा रेडिओ तिला त्यानंच सुचवले होते.

"रेडिओ एकटा बरोबर बोलतो?" त्यानं विचारलं.

"अगदी बरोबर."

"बोर्ड एकटा?"

"तोही."

"रात्री दोघं मिळून बरोबर, आणि दिवसा चूक."

"हो. आणि मोटारी बंद केल्या तरी चूकच. हॉलिस, मला वेड लागायची पाळी आलीय. मी गेले की नीट बोलतं आणि मी आले की बिघडतं. मी काय एवढी वाईट आहे का?"

"ऊन? उष्णतेनं काही?"

"फळीपाशी रात्री भट्टीची ऊब असतेच की."

"मला नाही उमगत," हॉलिस म्हणाला. "थोडा विचार करतो, मग फोन करतो."

तीन वाजले. तिनं भट्टीत लाकडं सारली, काहिलीवरचा फेस काढला, तयार पाक पिंपात सोडला. पंपावरच्या मोठ्या काट्याकडे पाहिलं. तो किंचित थरथरत होता, पण पाच लाइनींचा मिळून एकच काटा, त्यातून काय कळणार? साडेतीन झाले. तिनं दार उघडून हाक मारली. पंपाच्या घरघरीत ती तिची तिलाच नीट ऐकू आली नाही. वर फोन लागत नाही. आणि पेटलेली भट्टी सोडून जायचं म्हणजे वीस मिनिटांत काहिलीचा तळ जळून जाणार.

येतील, ती स्वतःशी म्हणाली. त्यांचा तास कधीच तासाचा नसतो.

पडद्यावर तिनं बोर्ड गुऱ्हाळात आणल्यावर हौसेनं बनवलेला ग्राफ होता, पाच लाइनींच्या पाच रंगांच्या रेषा, सरकत जाणाऱ्या. रेषा कसल्या, नुसता गुंता. एखादी छपरापर्यंत उडी मारायची, एखादी नाहीशी व्हायची. ते बघून तिचं डोकं इतकं उठलं की तिनं तो ग्राफच बंद करून टाकला. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या नोंदींची फाइल उरली.

एक मिनिट गेलं. खालच्या टोकाला ओळ उमटली: एक, चोवीस. मग दोन, पंचवीस. तीन, चोवीस.

जिनेट पुढे वाकली. चार, नऊ. पाच, चोवीस.

पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. तीन दिवसांत दिवसाउजेडी एवढं स्वच्छ तिनं पाहिलंच नव्हतं. ती हातही न लावता बसून राहिली. पुढच्या मिनिटाला चार, नऊ. त्यानंतर चार, चोवीस. पुन्हा चोवीस. मग आठ. मग चोवीस.

आता हे काय? नऊ आलं तेव्हा तिला वाटलं, पेपेंचे कान खरे ठरले, चार नंबरवर मोठी गळती आहे. चोवीस आलं तेव्हा वाटलं, त्यांनी ती बुजवली. पण पुन्हा आठ? तिला वाटलं, हेही बरळणंच, फक्त आता आकड्यांत. नीट दिसावं म्हणून तिनं ग्राफ उघडला. लगेच चौकोन आणि प्रश्नचिन्हं. बंद केला, ओळी स्वच्छ. पुन्हा उघडला, गुंता. पुन्हा बंद केला, स्वच्छ.

ती खुर्चीत मागे टेकली. म्हणजे ना मोटार, ना तारा, ना ती स्वतः. ती सकाळी येऊन पडदा लावायची आणि ग्राफ उघडायची, संध्याकाळी बंद करून जायची. ग्राफ! पण ग्राफ तर नुसतं चित्र, तो तारांवरून आलेली अक्षरं कशी बिघडवेल? चित्र काढणाऱ्यानं ऐकणाऱ्याचे कान का ओढावेत? तिला काही केल्या संगती लागेना. आणि तिचं ते चाललेलं असताना खाली एक ओळ आली. चार, नऊ.

आता बाकीच्या चार लाइनी तिनं पाहिल्या. एक, दोन, तीन, पाच. सगळ्या चोवीस-पंचवीसवर गपगार. बरळायचं असतं तर सगळे बरळले असते. एकटा चार नंबर का खालीवर होईल? गळती झाली की ओढ उतरते आणि उतरलेली राहते. भोक आपोआप बुजत नाही, बुजून पुन्हा पडत नाही. बर्फ अडकलं तर? पण बर्फ असं दोन-दोन मिनिटं थांबून येत नाही. चार नंबरच्या टोकाला काय आहे? दाबमापक, आणि त्याच्याजवळ लाइन धुवायचा वॉल्व्ह. तो उघडला तर ओढ नऊवर येईल. मिटला तर चोवीस.

वॉल्व्ह हातानं उघडतो.

तिनं घड्याळ पाहिलं. चार वाजायला सात मिनिटं होती.

मग तिनं विचार केला नाही. भट्टीची दारं सताड उघडली, जळती लाकडं चिमट्यानं जमतील तेवढी बाहेर ओढून बर्फात फेकली, टाकीचा नळ पूर्ण सोडून काहिलीत कच्चा रस भरू दिला, आणि बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाईलला लाकडं ओढायची घसरगाडी जोडून वर निघाली.

पेपे चार नंबरच्या टोकाशी एका जाड मेपलला टेकून बसले होते. एका पादत्राणाचा पट्टा तुटलेला, उजवं पाऊल नको त्या बाजूला वळलेलं, ओठ निळे. एक हात डोक्यावरच्या वॉल्व्हच्या दांडीवर होता.

"पेपे!"

"ओरडू नकोस. कान शाबूत आहेत माझे." त्यांचे दात वाजत होते. "भट्टीजवळ कोण आहे?"

"कुणी नाही."

"कुणी नाही? काहील जळेल ना, मूर्ख पोरी!"

"जळू दे."

तिनं आपला कोट त्यांच्यावर टाकला आणि त्यांना घसरगाडीवर ओढून घेतलं. ते एकदाच कळवळले, ते पाऊल हलवताना. उतरताना सगळ्या वाटेत ते तिला वेग कमी कर, वेग कमी कर म्हणत राहिले.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर बोटं गमवावी लागली असती. काहिलीचा एक कोपरा खरंच जळला. तेओ परत आला, सगळं निस्तरायला दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी हॉलिसचा फोन आला.

"तुझं ते ग्राफचं ऐकलं तेओकडून. आता मला कळलं," तो म्हणाला. "त्या बोर्डाला बोलायची दोन दारं असतात. एकाला स्वतःचं घड्याळ असतं. दुसरं बोर्डाच्या मुख्य ठोक्यावर चालतं. तू दुसरं वापरत होतीस."

"मग?"

"बोर्डाला जड काम दिलं, ग्राफ काढायचं वगैरे, की त्याचा ठोका वाढतो. ठोक्याबरोबर त्या दाराचा वेगही वाढतो. रेडिओ आपला जुन्याच वेगानं बोलतोय. मग काय ऐकू येणार?"

"पण स्वतःशी बोलला तेव्हा बरोबर होता!"

"कारण तोंड न् कान दोन्ही एकदम जोरात धावायला लागले. दोघंही सारखेच चुकले, मग चूक दिसणार कशी?"

जिनेट हसली नाही. तिनं ते कागदावर लिहून घेतलं आणि दोनदा वाचलं. एवढ्यासाठी तिनं तीन दिवस तारा उपसल्या, पंप बंद केला, म्हाताऱ्याला रागावून वर जाऊ दिलं. तिनं ठोका एका जागी बांधून ठेवणारी एक ओळ सेटिंगमध्ये घातली, बोर्ड पुन्हा चालू केला. ग्राफ उघडला. पाच रेषा शेजारी शेजारी शांतपणे सरकत राहिल्या.

संध्याकाळी ती हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा पेपे जेलीचा वाडगा बाजूला सारून बसले होते.

"एक विचारायचंय," ती म्हणाली. "तुम्ही तो वॉल्व्ह उघडबंद करत होतात, ते मला कळावं म्हणून ना?"

"तुला? तुझ्या त्या डब्याला?" ते खिडकीकडे बघत म्हणाले. "वॉल्व्ह गळत होता. बसवत होतो नीट."

"पाच वेळा?"

"बसत नव्हता."

"दोन-दोन मिनिटं थांबून?"

"बोटं गारठली होती. तुला काय वाटलं, मी तिथे बसून तारा पाठवत होतो?"

खरं असेल, तिला वाटलं. म्हातारा माणूस, हातात दुसरं काय होतं? पण जाताना नर्सनं तिला दारात गाठलं आणि म्हणाली, "तुम्हीच ना त्यांची सून? काल रात्री सगळ्या वॉर्डला सांगत होते. सात वेळा खूण केली, तेव्हा कुठे आमच्या बाईसाहेब आल्या, म्हणे."

जिनेट घरी न जाता आधी गुऱ्हाळात गेली. नोंदींची फाइल उघडून तिनं त्या दुपारपर्यंत मागे नेली आणि मोजलं. नऊ आणि आठचे गट पाचच होते. पहिल्या स्वच्छ ओळीच्या वर सगळा ग्राफच्या वेळचा गोंधळ होता, पानं न् पानं चौकोन आणि प्रश्नचिन्हं. उरलेल्या दोन खुणा त्यात असल्या तर असतील. नाहीतर पेपेंनी फुगवून सांगितलं असेल, तेही त्यांच्या स्वभावात बसणारं होतं. ती बराच वेळ त्या चिन्हांवरून बोट फिरवत राहिली. एका ठिकाणी तिला चारसारखं काहीतरी दिसलं, मग वाटलं नाही, तो कशाचा तरी तुकडा असावा. बाहेर रस थांबला होता, नळ्या गोठायला लागल्या होत्या. तिनं फाइल तशीच उघडी ठेवली आणि उद्याची लाकडं आत आणायला गेली.